रुळोबाचं कवच

मोजणीवाले येणार म्हटल्यावर धावडी रोडच्या वस्तीनं सकाळीच अंघोळी उरकल्या. एरवी या वस्तीला अंघोळीची एवढी घाई फक्त रुळोबाच्या जत्रेला आणि मतदानाला. दुसरा रेल्वेमार्ग पडणार, त्यासाठी जागा मोजणार, हे दोन वर्षं ऐकून लोकांचे कान किटले होते. पण आज खरोखर साहेब येणार होता, आणि त्याची दोरी कुणाच्या अंगणातून जाते हे बघण्यात प्रत्येकाला रस होता. स्वतःच्या अंगणापेक्षा शेजाऱ्याच्या अंगणात जरा जास्तच.

धावडी हे गाव इथून तीन किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याला. धावडी रोड म्हणजे नुसतं स्टेशन. कोळशाच्या इंजिनाला इथं तहान लागायची म्हणून विहीर खणली, विहिरीसाठी पंपवाला ठेवला, पंपवाल्याला चहा लागतो म्हणून चहावाला आला आणि चहावाल्याशी भांडायला बाकीचे आले. धावडीचे लोक अजून म्हणतात, ज्याला कुठल्याच गावात जागा मिळाली नाही तो टेसनावर आला. यात खोटं काही नाही. रुळांचे सांधे बदलणारा पाइंटमन जोतीराम उंब्रजहून भावांशी भांडून आला होता. गेटवाल्याचा बाप कर्नाटकातून बायको घेऊन पळून आला होता, आणि ती बायको त्याची नव्हती. गुळाच्या ढेपा मालगाडीच्या वाघिणीत चढवणारे हमाल तर कुठून आले हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. वाघिणी बंद झाल्या, गूळ ट्रकनं जायला लागला, माणसं राहिली.

गावाला ग्रामदैवत असतं. स्टेशनाला काय असणार? वेळापत्रक. आणि ते कधी नवसाला पावल्याचं कुणाला आठवत नाही.

म्हणून रुळोबा. रुंद रूळ पडले त्या साली सगळीकडं उलथापालथ होती. त्या गडबडीत जोतीरामनं रेल्वेचा हद्दीचा दगड उपटून रुळांच्या बाजूला चांगला पुढं नेऊन रोवला आणि कुणी परत हलवू नये म्हणून त्याला शेंदूर फासला. मागं जी जागा मोकळी झाली, तिच्यावर आज हॉटेल आहे. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी कुणाला कधी सांगितलेली नव्हती. वस्तीनं आधी दगडाला नमस्कार केला, मग नवस बोलले, मग जत्रा सुरू झाली. दर वर्षी शेंदराचा नवा लेप चढत गेला आणि वीतभर दगडाचा चांगला भोपळ्याएवढा देव झाला.

जोतीराम गेला. पाठोपाठ धाकटा मुलगा वीरधवल गेला, तेव्हा वाटणी झाली. थोरल्या जयराजला देव, धाकट्याच्या विधवेला, राजेश्वरीला, हॉटेल. दोघांनाही आपण फसलो असं वाटलं, म्हणजे वाटणी बरोबर झाली होती.

राजेश्वरी भज्यांचं पीठ कालवत होती. सासू, साळूबाई, पोत्यावर बसून लसूण सोलत होती. ऐंशीच्या पुढची बाई, पण लसणाची पाकळी अजून एका नखात सोलायची.

"साहेब काल फोनवर काय म्हनला त्ये नीट सांग," साळूबाई म्हणाली. "आन इंग्रजी गाळून सांग."

"आत्याबाई, जुन्या स्टेशनाच्या भिंतीपासनं सगळं मोजायचं होतं. ती भिंत ठेकेदारानं आधीच पाडून टाकली. आता राहिले हद्दीचे दगड. एक चिंचेपाशी, एक गेटाच्या पल्याड. त्या दोघांत सरळ दोरी धरली तर ती माझ्या ह्या चुलीवरनं जाती. दोरीच्या रुळांकडल्या अंगाचं सगळं रेल्वेचं. म्हंजे हॉटेल जाणार. आन अतिक्रमण म्हणून जाणार, हातात दमडी न्हाई."

"आन मदी तिसरा दगड घावला तर?"

"मग दोरी त्याच्यापासनं वळती. हॉटेल आपलं राहतं."

"दगड तर हाय की."

"दगड हाय, पण त्यो देव झालाय."

साळूबाईनं सोललेला लसूण परातीत टाकला. "मग सांगावं, देवाच्या आत दगड हाय."

"सांगून भागत न्हाई. रेल्वेच्या दगडावर अक्षरं कोरल्याली असत्यात, ती दाखवा म्हणतोय. ती दाखवायची तर शेंदूर खरवडाय लागंल."

"कुनी खरवडायचा?" दारातून आवाज आला.

जयराज उभा होता. फौजेतून सुभेदार होऊन परतला त्याला बरीच वर्षं झाली, पण दारात उभं राहायची पद्धत अजून पहाऱ्यावरची. राजेश्वरीनं पिठाच्या हातानं पदर डोक्यावर ओढला, आणि पदराला पीठ लागलं.

"मी खरवडा म्हटलेलं न्हाई, आण्णा. साहेब म्हणतोय."

"साहेबाला काय हाय? उद्या बदली झाली की मिरजंला जाईल. हितं आमाला ऱ्हायचंय." तो आईकडं वळला. "आये, पुढच्या आठवड्यात जत्रा. देवस्थानाच्या दर्जाचा प्रस्ताव वर गेलाय. त्यात स्वयंभू लिवलंय. आन आमी करवंटी घिऊन देव खरवडत बसायचं? आतनं रेल्वेचं नाव निगालं तर धावडीची मान्सं काय म्हनतील?"

"ज्ये आता म्हनत्यात त्येच," साळूबाई म्हणाली. "टेसनावरचा देव."

"आता पाठीमागं म्हनत्यात. मग तोंडावर म्हनतील."

"आण्णा," राजेश्वरी म्हणाली, "माझं हॉटेल जाईल."

"देव जाईल त्याचं काय?"

"देव कुठं जात न्हाई. त्याला चूल पेटवायची नसती."

जयराजनं आईकडं पाहिलं. आई कुणाच्या बाजूनं बोलते हे त्याला अजून ताडता येत नसे. साळूबाई त्याच्या लहानपणापासून ज्याचं ताट रिकामं त्याच्या बाजूनं, आणि ताटं रोज बदलायची.

"हरगिज न्हाई," तो म्हणाला आणि निघून गेला. फौजी हिंदीत नकार दिला की तो जास्त पक्का होतो असा त्याचा समज होता.

देवळात, म्हणजे हॉटेलसमोरच चार खांब आणि पत्र्याच्या छपराखाली, जयराजचा मुलगा शिवतेज फ्लेक्स बांधत होता. फ्लेक्सवर देवाचं नाव 'श्री रुळेश्वर' होतं. देवाच्या एका बाजूला शिवतेज हात जोडून, दुसऱ्या बाजूला शिवतेजच मोबाईल कानाला लावून. देव मधे, दोघांपेक्षा लहान.

"दोरी सैल हाय," जयराज म्हणाला.

"बांधतो. दादा, एक सांगू? काकीचं ऐकू नका. प्रस्ताव मंजूर झाला की सभामंडप, फरसबंदी, सगळं येतंय. माझं पॅनल उभं राहतंय ते देवाच्या जिवावर. देव रेल्वेचा निघाला तर विरोधक मला प्लॅटफॉर्मवर बसवतील."

जयराजला बरं वाटलं. मुलगा आपल्या बाजूनं आहे हे त्याला वर्षात एकदोनदाच कळायचं. तो देवासमोर बसला. फौजेत त्याला सलाम करणारे जवान होते. इथं आल्यावर तो निव्वळ 'पाइंटमनचा थोरला' झाला. फक्त जत्रेच्या दिवशी पहिला नारळ त्याच्या हातानं फुटायचा, आणि तेवढा वेळ धावडीचा पाटीलसुद्धा त्याच्या पाठीमागं चपला काढून उभा राहायचा. ते चपला काढणं जयराज वर्षभर पुरवून पुरवून आठवायचा.

"हॉटेल गेलं तर जाऊ दे," तो म्हणाला. "आपन तिला उगड्यावर टाकनार न्हाई. आपल्या घरात दोन खोल्या हायत्या."

शिवतेजचा हात दोरीवर थांबला.

"आपल्या घरात?"

"मग कुटं? ती आपलीच हाय."

"आणि स्वयंपाक?"

"करतील की दोगी मिळून."

शिवतेज शिडीवरून खाली उतरला. त्याची आई आणि काकी गेल्या दिवाळीत एका कढईत अनारसे तळायला बसल्या होत्या. पहिल्या घाण्यातच तेल जास्त तापलं की पीठ पातळ झालं यावरून जे झालं, त्यानंतर दोघींनी वेगवेगळ्या सणांना आजारी पडायचं ठरवून घेतलं होतं.

"दादा, तुम्ही सीमेवर होता ना?"

"व्हय. का?"

"तिकडं दोन्ही बाजूंच्या सैनिकांना एका बंकरमध्ये ठेवायचे का?"

जयराज देवाकडं बघत राहिला. शिवतेजनं फ्लेक्सची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"आई मला रोज फोन करणार," तो म्हणाला, स्वतःशीच. "काकी पण करणार. मी पॅनल बघू का ह्या दोघींना? दादा, दर्जा काय, पुढच्या वर्षीपण मिळतोय."

"आत्ताच तर म्हनत हुतास—"

"आत्ता मला पुढचं दिसलं नव्हतं."

सौमित्र साहेब दुपारी आला. मूळ सांगलीचा, वयानं तरुण, टोपी घातलेला, आणि समोर माणूस दिसला की 'बसा बसा' म्हणायची सवय, जरी खुर्ची नसली तरी. सोबत मोजणीची दोन माणसं आणि यंत्र. पाठीमागं अख्खी वस्ती. गेटवाला म्हातारा काठी टेकत सगळ्यांत पुढं. निवृत्त झाल्यापासून त्याला उघडायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे जिथं काही उघडणार असेल तिथं तो हजर.

मोजणीवाल्यांनी चिंचेपासून गेटापलीकडं दोरी ताणली. दोरी सरळ राजेश्वरीच्या स्वयंपाकघरातून गेली, तव्यापासून हातभर. राजेश्वरीनं तिच्याखालून वाकून भज्याचा घाणा काढला.

"आजी," सौमित्र साळूबाईपाशी बसला, "हा देवाचा दगड पहिल्यापासून इथंच आहे का?"

"मी लगीन करून आले तवा ह्यो दगड बघिटला."

"इथंच बघितला?"

"डोळ्यांनी बघिटला."

"नाही, म्हणजे याच जागी का?"

"बाबा, दगड हाय त्यो. टेसनावर आला म्हनून काय गाडीत बसून हिंडतोय व्हय?"

लोक हसले. सौमित्रही हसला. त्याला खरं काय ते साधारण कळलं असावं. पण कळलेलं लिहायचं नाही आणि दिसलेलंच लिहायचं, एवढं त्याला नोकरीनं शिकवलं होतं. "माझ्यापुरता प्रश्न सोपा आहे," तो म्हणाला. "आत रेल्वेची अक्षरं असतील तर हा हद्दीचा दगड, आढळला त्या जागी धरीन. नसतील तर दोरी आहे तशी."

आता सगळे जयराजकडं बघायला लागले. साळूबाईही बघत होती. जयराजनं दोरीकडं पाहिलं, दोरीपलीकडं तळणाऱ्या भावजयीकडं पाहिलं, मग गर्दीत उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडं पाहिलं. शिवतेजकडून कळल्यापासून ती त्या दोन खोल्यांतला पसारा मनात आवरायला लागली होती, आणि ते काम तिला पसंत नाही हे तोंडावरून दिसत होतं.

जयराजनं घसा साफ केला.

"जत्रंच्या आदी देवाचं कवच उतरवायचं असतंय," तो मोठ्यानं म्हणाला. "दर काही वर्सांनी. जुनी पद्धत हाय."

अशी पद्धत कुणीच ऐकली नव्हती.

"असतंयच," साळूबाई म्हणाली.

"असतंय, असतंय," गेटवाला म्हणाला. वस्तीतल्या सगळ्या पद्धती अशाच होत्या, गरज पडेल तेव्हा जुन्या झालेल्या.

"पर लोखंड लावायचं न्हाई," जयराज म्हणाला. "आन मानकऱ्याबिगर कुनी हात लावायचा न्हाई."

करवंटी आली. जयराजनं देवाला हात जोडले, काहीतरी पुटपुटला, आणि खरवडायला बसला. शेंदूर काही हलेना. इतक्या वर्षांच्या तेलानं तो सिमेंटासारखा झाला होता. करवंटीची कड झिजली, दुसरी आली, तीही झिजली. सौमित्र घड्याळ बघायला लागला.

"आण्णा, गरम तेल सोडा," राजेश्वरी म्हणाली. "मऊ पडंल."

"कुठलं तेल?"

तिनं कढईकडं पाहिलं.

"भज्याचं?" जयराजचा आवाज चढला. "देवाला भज्याचं तेल?"

"आजचंच हाय. एकच घाणा निघालाय."

"देवानं कवा तक्रार केलीया?" साळूबाई म्हणाली. "वत, वत."

कढई थोडी निवल्यावर तेलाची धार सोडली. बेसनाचा आणि कांद्याचा वास देवळात पसरला. मोजणीच्या माणसांना भूक लागली. शेंदराचा एक पापुद्रा सुटला, मग दुसरा. केशरी, मग तांबडा, मग विटकरी. मधेच चमकीचा थर निघाला, तो कुठल्या तरी वर्षी शिवतेजनं घरात न विचारता लावलेला. जयराजनं त्याच्याकडं पाहिलं. शिवतेज फ्लेक्सकडं बघत होता.

भोपळ्याचं कलिंगड झालं, कलिंगडाचा नारळ. जयराज आता घामानं भिजला होता. तो जसा खरवडत होता तसा देव लहान होत होता आणि वस्तीतले लोक जवळ येत होते. शेवटचा पापुद्रा त्यानं अंगठ्यानं उचलला.

काळ्या दगडावर तीन इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. एम. एस. एम.

इतकी वर्षं याच्यापुढं मुलांची जावळं काढली, याला विचारून सोयरिकी केल्या, याच्या अंगाऱ्यानं ताप उतरवले. आणि हा असा, कोरून नाव घातलेला, रेल्वेच्या बाकासारखा.

"जुन्या रेल्वे कंपनीचा दगड," सौमित्र म्हणाला. "अगदी बरोबर."

"म्हंजे आपला देव," गेटवाला म्हातारा सावकाश म्हणाला, "रेल्वेत हुता?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. जयराजनं मान वर केली नाही. त्याच्या मुठीत करवंटी होती आणि मूठ आवळली होती. धावडीचा पाटील इथं नव्हता, पण संध्याकाळपर्यंत ही गोष्ट धावडीला पोचणार होती, आणि पुढच्या आठवड्यात तो चपला घालूनच उभा राहणार होता.

"थांबा, थांबा," शिवतेज पुढं आला. "एम एस एम म्हणजे काय? मूळ स्वयंभू मूर्ती!"

"इंग्रजीत?" साळूबाईनं विचारलं.

"देवाला सगळ्या भाषा येतात, आज्जे."

"तुला एक तरी नीट यिऊ दे." साळूबाई काठी न घेता उठली आणि गर्दीकडं वळली. "हसाय काय झालं? रेल्वेत हुता म्हनं. आन तुमी कुटं हुता? तुजा बाप गेटावर, ह्याचा आजा कोळसा वढायचा, त्याची आजी धक्क्यावर ढेपा मोजायची. माजा नवरा जलमभर सांधं बदलत मेला. ह्या वस्तीत रेल्वेचा न्हाई आसा कोन हाय, हात वर करा. आन देव तेवडा भायेरनं आनायचा व्हय?"

हात कुणी वर केला नाही. गेटवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि दगडापुढं वाकला. वाकताना जरा कण्हला, पण वाकला. त्याच्या मागून बाकीचे. नवस बोललेले होते, ते परत घेणं अवघड होतं.

सौमित्रनं लिहून घेतलं, दोरी देवाच्या बाजूनं वळवली. दोरी स्वयंपाकघरातून बाहेर पडली तेव्हा राजेश्वरीनं पहिल्यांदा भजी ताटलीत काढून त्याच्यापुढं ठेवली. तोवर तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. काम व्हायच्या आधी खायला घातलं तर लोक दुसराच अर्थ काढतात, हे तिला हॉटेल चालवून ठाऊक होतं.

जयराजनं शेंदराची वाटी कालवली.

"एक मिनिट," सौमित्र भजं खाता खाता म्हणाला. "अक्षरं झाकायची नाहीत हं. उद्या वरचे साहेब तपासायला आले आणि खूण दिसली नाही, तर माझं लिहिलेलं खोडतील. दोरी परत होती तिथं जाईल."

"आन देव काय उगडा ठिवायचा?" जयराज उसळला. "जत्रंला? ईवडं सगळं केल्यावर?"

"मला देवाचं काही म्हणायचं नाही. अक्षरं वाचता आली पाहिजेत."

"शेंदराबिगर ह्यो दगड हाय निस्ता!"

"काका, माझ्या कागदावर पण दगडच आहे."

राजेश्वरीनं दोघांकडं पाहिलं. दोरी अजून खाली पडलेली होती, गुंडाळलेली नव्हती.

"भोवतीनं लावा," ती म्हणाली, "आन अक्षरांच्या खाचंत शेंदूर भरा. त्यानला वाचाय येतंय, देवाला शेंदूर पोचतोय."

सौमित्रनं विचार केला. "चालेल. पण स्वच्छ. खाचेबाहेर नको."

जयराजनं अंगठा शेंदरात बुडवला, जन्मभर देवाला लावत आला तसा, आणि पहिल्या अक्षरावर टेकवला. अक्षर गेलं. केशरी गोळा राहिला. त्यानं तेलानं पुसलं, करंगळीनं प्रयत्न केला. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, हे त्यानं घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. आता सगळ्या वस्तीला कळलं. तिसऱ्यांदा पुसलं.

"हे मी काय म्हणून लिहू?" सौमित्र हळूच म्हणाला.

राजेश्वरीनं हात धुतले. पदर कमरेला खोचला. काडेपेटीतली काडी घेऊन तिच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि देवासमोर येऊन बसली. रुळोबाला आजवर बाईचा हात लागला नव्हता. गर्दीतल्या बायका पुढं सरकल्या. पुरुष काहीतरी म्हणणार होते, पण कुणी आधी म्हणावं हे ठरेना.

"आण्णा, वाटी द्या."

जयराजनं वाटी दिली नाही. मानकऱ्याच्या हातून वाटी सुटली की काय उरतं, याचा हिशेब त्याच्या तोंडावर मांडलेला होता. त्यानं आईकडं पाहिलं. आई भजं खात होती. मग तो गुडघ्यावर टेकला आणि वाटी तशीच हातात धरून, भावजयीच्या हाताला येईल अशी पुढं केली.

तिनं काडी बुडवली. पहिल्या अक्षराचे चारही पाय खाचेतच भरले. मग दुसरं घेतलं.

"पोट फुगलंय त्याचं," जयराज म्हणाला. "वरच्या अंगाला बग."

"वाटी हलतीय, आण्णा."

जयराजनं वाटीला दुसरा हात लावला.